आधी काय, मग काय?

मननासाठी शास्त्रभाग: मत्तय ५:२३-२४



प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सातवीतल्या एका मुलीच्या वहीवर लाल पेनने फुली मारली. तिचे उत्तर बरोबर होते, आमची फुली चूक होती. गोष्ट एवढीच आहे. पण त्या एका फुलीने आमचा सगळा आठवडा व्यापला आणि शुभवर्तमानातला पुष्कळ वेळा ऐकलेला एक भाग आम्हाला नव्याने ऐकवला. म्हणून लिहीत आहोत.

आमच्या बेळगावच्या चर्चच्या हॉलमध्ये सोमवार ते गुरुवार, संध्याकाळी सहा ते साडेसात, मुलांचा अभ्यासवर्ग चालतो. आम्ही दोघे नवरा-बायको तिथे मदत करतो. आम्ही शिक्षक नाही. मुले वेळेवर बसावीत, गृहपाठ पूर्ण व्हावा, अडले तर कुणीतरी शेजारी असावे, एवढ्यासाठी जातो. मुले तीन माध्यमांची आहेत. कुणी मराठी, कुणी कन्नड, कुणी इंग्रजी. घरी काहींची बोली कोंकणी, काहींची मराठी. प्रार्थना झाली की एका सतरंजीवर तिन्ही भाषांची पुस्तके उघडतात. भाषा, समाज, इतिहास यांत आमची तारांबळ उडते. गणिताचे मात्र आम्हाला बरे वाटायचे, कारण आकडे सगळ्यांचे सारखेच. तिथेच आम्ही पडलो.

त्या सोमवारी इंग्रजी माध्यमातल्या एका मुलीने वही पुढे केली. गृहपाठातले उदाहरण असे होते:

३६ − १२ + ४ × (५ − ३)

तिने उत्तर काढले होते ३२. शाळेत तिला ‘बॉडमास’ असे शिकवले होते. आम्ही दोघेही मराठी शाळेत शिकलेलो, आम्हाला लहानपणीचे ‘कंचेभागुबेव’ पाठ होते. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. पन्नास वर्षांपूर्वी गुरुजींनी छडीच्या धाकाने म्हणवून घेतलेला तो शब्द अजून जिभेवर होता. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने तिला समजावले. आधी कंस, म्हणजे ५ − ३, आले २. मग गुणाकार, ४ × २, आले ८. आता उरले ३६ − १२ + ८. ‘कंचेभागुबेव’मध्ये ‘बे’ आधी आणि ‘व’ नंतर. म्हणजे आधी बेरीज, १२ + ८, आले २०. मग ३६ − २०. उत्तर १६.

ती हळू आवाजात म्हणाली, “पण आंटी, मी डावीकडून गेले होते.”

आम्ही म्हणालो, “डावीकडून नाही जायचं गं, नियमानं जायचं.” आणि ३२ वर फुली मारून शेजारी १६ लिहिले. पेन आम्हा दोघांपैकी कुणाच्या हातात होते ते सांगत नाही. एकाने लिहिले आणि दुसऱ्याने मान डोलावली, तेव्हा चूक दोघांचीच.

मंगळवारी ती आली नाही. बुधवारीही नाही. परीक्षा जवळ आली की मुले कधीकधी घरीच बसतात, म्हणून आम्ही फार विचार केला नाही.

गुरुवारी कन्नड माध्यमातला एक मुलगा तसेच उदाहरण घेऊन आला. आम्ही आमच्या पद्धतीने सोडवले. त्याने पुस्तकाच्या मागची उत्तरे उघडून दाखवली. जुळेना. पुन्हा सोडवले, पुन्हा तेच. तेव्हा आमच्या तोंडून काय निघाले असेल? “पुस्तकात छपाईची चूक असेल.” आज लिहिताना लाज वाटते. पुस्तक चुकू शकते, मूल चुकू शकते, फक्त आम्ही चुकू शकत नाही, असे त्या वाक्याचा अर्थ होता.

त्या रात्री मात्र झोप लागेना. शेवटी आमच्याच पॅरिशमधल्या एका निवृत्त गणित शिक्षकांना फोन केला. सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, “कागद बाजूला ठेवा. तुमच्या खिशात वीस रुपये आहेत. आठ रुपये दुकानदाराला दिले. मग कुणीतरी पाच रुपये आणून दिले. आता किती?”

“सतरा.”

“मग २० − ८ + ५ कागदावर तुम्ही कसं सोडवाल?”

आमच्या पद्धतीने आधी ८ + ५ केले तर १३, आणि २० − १३ म्हणजे ७. खिशात सतरा आणि कागदावर सात. आम्ही गप्प झालो.

सर हसले नाहीत. शांतपणे समजावत गेले. ‘कंचेभागुबेव’ हा लक्षात ठेवायचा शब्द आहे. शब्द म्हटला की कुठले तरी अक्षर आधी येणार आणि कुठले तरी नंतर. म्हणून पहिले अक्षर थोरले आणि दुसरे धाकटे ठरत नाही. भागाकार आणि गुणाकार एका दर्जाचे आहेत. बेरीज आणि वजाबाकी एका दर्जाची आहेत. एका दर्जाच्या दोन क्रिया शेजारी आल्या की जी डावीकडे आहे ती आधी करायची. वजाबाकीचे चिन्ह फक्त त्याच्या लगेच पुढच्या संख्येचे असते. २० − ८ + ५ मध्ये ते चिन्ह आठाचे आहे, पाचाचे नाही. आम्ही आधी ८ + ५ केले, म्हणजे कुणी न सांगता तिथे कंस घातला आणि मिळालेले पाच रुपयेही खर्चात धरले.

“आणि गुणाकार बेरजेच्या आधी का?” आम्ही विचारले. इतक्या वर्षांत हे कधी विचारले नव्हते.

सर म्हणाले, “रिक्षाला वीस रुपये दिले आणि दहा-दहा रुपयांच्या तीन मेणबत्त्या घेतल्या. किती खर्च झाला?”

“पन्नास.”

“लिहिताना २० + ३ × १०. तीन मेणबत्त्यांचे दहा-दहा हे एक गाठोडं आहे. गुणाकार म्हणजे तीच संख्या पुन्हा पुन्हा मिळवणं, १० + १० + १०. ते गाठोडं आधी सोडवा, मग त्यात वीस मिळवा. तुम्ही आधी २० + ३ केलंत तर तेवीस झाले. तेवीस काय? रुपये की मेणबत्त्या?”

दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर २० + ३ × १० अशी बटणे ओळीने दाबत गेले तर २३० येतात, कारण तो प्रत्येक पायरी लगेच उरकत जातो. बहुतेक मोबाइलवर तेच लिहिले तर ५० येतात. मुले गोंधळतात ती अशा ठिकाणीही. यंत्राला जे सांगाल ते ते करते. कोणते आधी, हे माणसाने समजून घ्यायचे असते.

फोन ठेवला आणि आम्हाला सोमवारची वही आठवली. ३६ − १२ + ८. डावीकडून गेले की २४ + ८, म्हणजे ३२. त्या मुलीने अगदी हेच केले होते. आणि दोन दिवस, नव्हे तीन दिवस, ती वर्गाला आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. संध्याकाळी क्रुसाची वाट आणि मग मिस्सा. प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या आठवड्यातल्या शुक्रवारी मत्तयच्या पाचव्या अध्यायातला भाग वाचतात. येशू डोंगरावरच्या प्रवचनात सांगतो की तुम्ही वेदीजवळ अर्पण घेऊन आलात आणि तिथे तुम्हाला आठवले की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवा. आधी जाऊन त्याच्याशी समेट करा, मग येऊन अर्पण वाहा.

आम्ही हा भाग किती वेळा ऐकला असेल! त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या लक्षात आले की प्रभू इथे क्रम सांगतो आहे. अर्पण नको असे तो म्हणत नाही. अर्पणही हवे, समेटही हवा. पण एक आधी आणि एक मग. आकडे तेच आणि चिन्हे तीच राहून नुसता क्रम उलटला तर बत्तिसाचे सोळा होतात. भक्तीचेही तसेच असावे. प्रार्थना तीच, उपवास तोच, दानही तेच. क्रम चुकला की उत्तर चुकते.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. ‘माझ्या मनात कुणाविषयी राग असेल तर’ असे तिथे म्हटलेले नाही. ‘भावाच्या मनात आपल्याविषयी काही असेल तर’ असे आहे. आमच्या मनात त्या मुलीविषयी मायाच होती. आम्ही तिला मदतच करायला बसलो होतो. पण प्रश्न आमच्या मनाचा नव्हता, तिच्या मनाचा होता.

येत्या रविवारी भाकर आणि द्राक्षारस वेदीपर्यंत नेण्याची पाळी आमची होती. म्हणजे शब्दशः अर्पण आमच्याच हातात असणार होते.

इतके कळल्यावर आम्ही लगेच निघालो असे लिहायला आवडले असते. तसे झाले नाही. घरी येऊन आम्ही सबबी शोधत बसलो. सोमवारी ती येईलच, तेव्हा सांगू. फोनवर निरोप देऊ. एका गणिताचे एवढे काय? आणि सगळ्यात तळाशी असलेली सबब, जी दोघांपैकी कुणीच मोठ्याने बोलत नव्हते: लहान मुलीची माफी मागितली तर वर्गातली मुले पुन्हा आपले ऐकतील का? शेवटी आमच्यातल्या एकाने विचारले, “रविवारी ते ताट हातात धरताना आपण काय म्हणणार आहोत?” मग शनिवारी सकाळी निघालो.

ती आजीबरोबर राहते. आजी बाजारात भाजी विकते, शनिवारी जरा उशिरा निघते. आम्हाला दारात पाहून म्हणाली, “या की ओ, बसा.” पोर आतल्या खोलीत होती, बाहेर येईना. मग आजीनेच सांगितले. मंगळवारी शाळेत तिला फळ्यावर तेच उदाहरण सोडवायला बोलावले. तिने १६ लिहिले. शिक्षिकेने चूक दाखवली तेव्हा ती म्हणाली, “आमच्या चर्चच्या आंटी-अंकलनी असंच सांगितलंय.” सगळा वर्ग हसला. शिक्षिकेचे काही चुकले नव्हते, त्यांनी योग्य तेच दाखवले. पण पोर घरी येऊन रडली, आणि ‘मला गणित येतच नाही’ म्हणून वही दप्तराच्या तळाशी टाकून दिली.

गणित तिला येत होते. तिच्याकडे बरोबर उत्तर होते आणि आम्ही ते काढून घेतले होते.

आम्ही दाराशी जाऊन म्हणालो, “बाळा, सोमवारी तुझं बरोबर होतं. चुकलो आम्ही. तू डावीकडून गेलीस तेच खरं. आमच्यामुळे तुला सगळ्यांसमोर खाली बघावं लागलं. आम्हाला माफ कर.”

थोड्या वेळाने ती बाहेर आली. पहिला प्रश्न तिने केला तो असा: “तुम्हाला कसं कळलं?” आम्ही सरांचे वीस रुपयांचे गणित सांगितले. आजी कोपऱ्यात पिशवी भरत होती. ती मध्येच म्हणाली, “सतरा. त्यात काय की!” शाळेत दोन यत्ताही न शिकलेली बाई, रोज घेणे-देणे ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने मोजणारी. तिला आमचे सात कधीच पटले नसते.

पोर पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, “मला वाटलंच होतं, आंटी. पण तुम्ही लाल पेननं लिहिलं होतं.”

हे वाक्य आम्ही विसरणार नाही. तिला खरे दिसत होते. आमच्या वयापुढे, चर्चच्या नावापुढे आणि लाल शाईपुढे तिने डोळ्यांना दिसणारे सोडून दिले. सेवा करणाऱ्याच्या हातात अधिकारही येतो, आणि तो त्याच्या लक्षातही येत नाही. पेन्सिलीचे खोडता येते, लाल शाईचे खोडता येत नाही. म्हणून आम्ही वही मागून घेतली आणि त्या फुलीखाली लिहिले: ‘हे उत्तर ३२ बरोबर आहे. तपासताना आमची चूक झाली.’ खाली दोघांची सही आणि तारीख. “शाळेत दाखव,” आम्ही म्हणालो. तिने वही छातीशी धरली.

रविवारी आम्ही अर्पण नेले. मिस्साचा क्रमही त्या दिवशी वेगळाच जाणवला. सुरुवातीलाच आपण सगळ्यांसमोर कबूल करतो की विचारांनी, शब्दांनी, कृतींनी आणि करायचे ते न केल्याने आपण चुकलो. वाचने त्यानंतर, अर्पण त्यानंतर. हा क्रम कुणी सोयीसाठी लावलेला नाही. ज्याने आधी कबूल केले त्याचेच हात पुढे रिकामे असतात.

ती सोमवारी आली नाही. मनात धाकधूक होती. बुधवारी आली आणि मागे बसली. हळूहळू पुढे सरकली. आता काहीही सांगितले की विचारते, “हे नक्की ना, आंटी?” पूर्वी असे कुणी विचारले असते तर आम्हाला राग आला असता. आता आम्ही म्हणतो, “चल, तपासू या.” त्या कन्नड माध्यमाच्या मुलालाही सांगितले की पुस्तकाची छपाई ठीक होती, आमची समज चुकली होती. तो मनापासून हसला. मुले आमचे ऐकेनाशी होतील ही भीती खोटी निघाली. उलट आता ती आपल्या चुका लपवत नाहीत.

आपापल्या घरी किंवा पॅरिशमध्ये मुलांना मदत करणाऱ्या वाचकांसाठी सरांनी शिकवलेली पद्धत इथे देतो. आमच्यासारखे कुणी पडू नये.

पहिली गोष्ट, एका ओळीत एकच पायरी. जी क्रिया आता करायची तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि बाकी सगळे जसेच्या तसे खालच्या ओळीत उतरवा. दुसरी, कंस आतून बाहेर सोडवा. साधा कंस आधी, मग महिरपी, मग चौकटी. तिसरी, ‘चे’ आले तर ते नंतरच्या भागाकार-गुणाकाराच्या आधी. २० चे ३/४ म्हणजे १५. चौथी, भागाकार-गुणाकार ही एकच पायरी, डावीकडून उजवीकडे. पाचवी, बेरीज-वजाबाकी ही एकच पायरी, तीही डावीकडून उजवीकडे. त्या उदाहरणाच्या ओळी अशा:

३६ − १२ + ४ × (५ − ३)
= ३६ − १२ + ४ × २
= ३६ − १२ + ८
= २४ + ८
= ३२

‘कंचेभागुबेव’ म्हणायला शिकवाच, शब्द फार छान आहे. फक्त ‘भागु’ आणि ‘बेव’ ही दोन जुळी भावंडे आहेत, त्यांच्यात थोरले-धाकटे नाही, हेही सोबत सांगा. आमच्या सतरंजीवर बसणाऱ्या तीन माध्यमांच्या मुलांसारखीच ती. ज्याची पाळी आधी, तो आधी.

आणि एक शेवटचे. तपासताना लाल पेन नको, पेन्सिल घ्या. मुलाचे उत्तर आपल्यापेक्षा वेगळे आले तर फुली मारण्याआधी विचारा, “तू कसं केलंस, सांग बघू.” हाही एक क्रमच आहे. आधी ऐकायचे, मग तपासायचे.

या आठवड्यात मननासाठी एक प्रश्न: ज्याच्या मनात आपल्याविषयी काही राहिले आहे असा कुणी, विशेषतः आपल्यापेक्षा लहान कुणी, तुम्हाला आठवतो का? रविवार येण्याआधी त्याच्या दारापर्यंत जाता येईल का?

प्रार्थना करू या. हे प्रभू येशू, आम्ही तुझ्याकडे भरल्या हातांनी येतो आणि वाटेत कुणाला दुखावले ते विसरतो. ते आम्हाला आठवून दे. आठवल्यावर उठण्याचे बळ दे. लहानांसमोर नमायला आम्हाला लाज वाटू देऊ नकोस. आमच्या हाताखाली शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला खरे दिसते ते बोलण्याचे धैर्य दे, आणि आम्हाला ते ऐकण्याचे. आमेन.